सहकारी साखर कारखान्यातील अधिकाररचना

महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्याचा मालक ऊस उत्पादक सभासद असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा. तिची वार्षिक बैठक आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत घ्यावी लागते. कारभार पाच वर्षांसाठी निवडलेल्या संचालक मंडळाकडे असतो. मंडळातून चेअरमन व व्हाइस चेअरमन निवडले जातात. प्रवरेच्या कारखान्याचे पहिले चेअरमन अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते.

धोरण, कर्ज आणि मोठी खरेदी हे मंडळाचे विषय. रोजची अंमलबजावणी पगारी कार्यकारी संचालकाची, म्हणजे एम.डी.ची. त्याच्या हाताखाली मुख्य शेतकी अधिकारी, चीफ इंजिनिअर, चीफ केमिस्ट आणि चीफ अकाउंटंट हे चार प्रमुख खातेप्रमुख असतात. शेतकी खात्याची साखळी सर्वांत लांब: गट कार्यालय, तिथला गटप्रमुख आणि शेवटी बांधावर जाऊन उसाची नोंद घेणारा व तोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय.

गाळप हंगामात कारखाना तीन पाळ्यांत चालतो. रात्रपाळीत यंत्रांचा निर्णय शिफ्ट इंजिनिअरचा, तर साखर बनवण्याच्या प्रक्रियेचा शिफ्ट केमिस्टचा. दोघांची खरी ओढाताण मिलवर, म्हणजे ऊस पिळणाऱ्या यंत्रावर होते. बगॅसमधली, म्हणजे पिळलेल्या उसाच्या चोथ्यातली साखर निघावी म्हणून केमिस्टला त्यावर जास्त पाणी हवे असते. पण हाच बगॅस बॉयलरचे इंधन असतो; तो ओला राहिला तर बॉयलर नीट पेटत नाही आणि वाफेचा दाब पडतो, ही इंजिनिअरची अडचण. त्यामुळे पाण्याचे प्रमाण आधीच लेखी ठरवून द्यावे. पाळीगणिक बदलू देऊ नये. मिल थांबली की वेळ आणि कारण लॉगबुकात लिहितात. ‘नो केन’ (ऊस नाही) लिहिले तर जबाबदारी शेतकी खात्याची, यांत्रिक बिघाड लिहिला तर इंजिनिअरिंगची. ही नोंद त्याच पाळीत दोन्ही खात्यांच्या सहीने व्हायला हवी, नाहीतर तास कोणाच्या नावावर टाकायचे यावर सकाळच्या बैठकीत वाद होतो.

रचना सर्वाधिक बिघडते ती ऊसतोडीत. लागणीची तारीख, जात आणि पक्वता पाहून तोडणीचा क्रम लागतो. एखाद्या संचालकाने थेट गटप्रमुखाला फोन करून मर्जीतल्या सभासदाची तोड पुढे घेतली, तर कोवळा ऊस गव्हाणीत, म्हणजे मिलकडे ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर येतो आणि पक्व ऊस फडात वाळतो. उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण घटतो, आणि एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) उताऱ्याशी जोडलेली असल्याने त्याची झळ सगळ्याच सभासदांना लागते. म्हणून संचालकाची सूचना एम.डी.मार्फतच खाली जावी, आणि क्रमातला प्रत्येक बदल कारणासह रजिस्टरात चढावा.