तारण म्हणजे काय? गोदामात माल लावण्याआधी एवढं वाचा

सोयाबीन निघालं की आमच्या काट्यावर हमखास एक प्रश्न येतो : "तारण ठेवलं म्हणजे माल गेलाच ना?" नाही. तारण म्हणजे कर्ज फिटेपर्यंत देणाऱ्याकडे ठेवलेली हमी. माल तुमच्याच नावावर राहतो. तो कधी विकायचा हे तुम्हीच ठरवता, फक्त कर्ज फेडल्याशिवाय हलवता येत नाही.

सोनं बँकेत ठेवून पैसे उचलले, तर सोनं तारण. पीककर्जाला उभं पीकच तारण असतं, आणि 1 जानेवारी 2025 पासून शेतीसाठी 2 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने जमीन किंवा दुसरं काही तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. गोदामातल्या मालावर मिळतं ते शेतमाल तारण, आणि आमचा संबंध तेवढ्यापुरताच. आम्ही कर्ज देत नाही. माल सांभाळतो आणि पावती देतो.

सगळ्यात स्वस्त तारण बाजार समितीचं. पणन मंडळाची ही योजना 1990-91 पासून चालू आहे, तरी आपल्या भागात अजून कितीतरी जणांना ती माहीत नाही. सोयाबीन, तूर, हरभरा अशा मालावर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. व्याज वर्षाला 6 टक्के, मुदत 6 महिने. किंमत धरताना बाजारभाव आणि हमीभाव यांत जो कमी असेल तो धरतात. व्यापाऱ्याचा माल यात चालत नाही.

हिशेब करून पाहू. 40 क्विंटल सोयाबीन, भाव 4,000 धरला तर किंमत 1,60,000. हातात 1,20,000. सहा महिन्यांचं व्याज 3,600, म्हणजे क्विंटलमागे 90 रुपये. तेव्हा भाव शंभर-दीडशेने वाढेल एवढ्याच आशेवर माल ठेवू नका. गाडीभाडं, हमाली धरली की हाती फारसं उरत नाही. खाजगी गोदामात ठेवून बँकेकडून कर्ज घेतलं तर वर गोदामभाडंही आलं.

आता ओलाव्याचं. यावरूनच सगळ्यात जास्त वाद होतात. पोत्यात नळी खुपसून नमुना काढतो, मशीनवर ओलावा बघतो, आकडा तुमच्यासमोरच पावतीवर लिहितो. 12 टक्क्यांच्या वर असेल तर माल परत नेऊन वाळवायला सांगतो. 14 टक्क्यांचे 40 क्विंटल वाळून 12 वर आले की वजन 90 किलोच्या आसपास घटतं. 4,000 च्या भावाने ते जवळपास सहा महिन्यांच्या व्याजाएवढं होतं. मग वाटतं गोदामवाल्याने माल मारला! ओला माल दाबून भरला तर पोत्यात गरम होतो, बुरशी धरतो, ते नुकसान वेगळंच.

पावती मिळाली की जागेवरच वाचा : नाव, पोत्यांची संख्या, वजन, ओलावा, तारीख, विमा. कर्ज घेतलं की देणाऱ्याचा हक्क पावतीवर चढतो. त्यानंतर समितीचं किंवा बँकेचं पत्र आल्याशिवाय आम्ही एक कट्टाही बाहेर सोडत नाही, मग घरात लग्न असो की कोणी दवाखान्यात असो. तिथे आमचा नाइलाज आहे.

मुदत टळली की व्याज वाढतं, आणि थकलंच तर माल विकून वसुली होते. भाव पडला तर काही बँका मधेच थोडी रक्कम भरायला लावतात. सही करण्याआधी हे विचारून घ्या, मागाहून भांडून उपयोग नाही.

येताना पीकपेरा असलेला सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक आणा. ट्रॅक्टर भरण्याआधी फोन करा. दिवाळीच्या तोंडावर काट्यावर रांग असते, आणि जागा संपली की आम्ही पाटी लावून मोकळे होतो.