फुलं भरपूर, घाटे कुठे गेले?

भात किंवा सोयाबीन निघायला उशीर झाला की हरभऱ्याची पेरणीही लांबते. मग तो फुलोऱ्यात येतो तो नेमका फेब्रुवारीच्या उन्हात. झाडं हिरवीगार असतात, फुलांनी लगडलेली असतात, पण घाटे (दाण्यांच्या शेंगा) धरत नाहीत. अशा वेळी खताला, पाण्याला, घाटेअळीला दोष दिला जातो. पुष्कळदा खरं नुकसान फूल उमलण्याआधीच होऊन गेलेलं असतं.

हरभऱ्यात पाकळ्या उघडण्यापूर्वीच त्याच फुलातले परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या पराग स्वीकारणाऱ्या मादी भागावर, पडतात. दिवसाचं तापमान ३५ अंशांवर गेलं की नाजूक जातींचे परागकण वांझ निघतात, आणि फूल गळतं. बिघाड परागात होतो की कुक्षीत, हे तपासायला संशोधकांनी अदलाबदल केली: उष्णतेत वाढलेल्या झाडाचे पराग थंडाव्यातल्या झाडाच्या कुक्षीवर टाकले, आणि उलटंही करून पाहिलं. आयसीसी ५९१२ या नाजूक जातीचे पराग ३५ अंशांनाच निकामी ठरले, आयसीसीव्ही ९२९४४ चे काही मात्र टिकले. नाजूक जातीच्या कुक्षीने त्या उष्णतेतही चांगले पराग स्वीकारले. म्हणजे उन्हात आधी हार खातात ते पराग.

मग उष्णता सोसणारी जात शोधायची कशी? हैदराबादजवळच्या पटणचेरू इथल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतली पद्धत मला फार आवडते: हरभरा मुद्दाम चुकीच्या वेळी पेरायचा. ऑक्टोबरऐवजी फेब्रुवारीत पेरला की फुलोरा भर उन्हाळ्यात सापडतो. पाणी पुरेसं द्यायचं, म्हणजे दुष्काळाचा आणि उष्णतेचा परिणाम एकमेकांत मिसळत नाही. पटणचेरू आणि कानपूर या दोन ठिकाणी २८० जाती अशा तपासल्या, तेव्हा दोन्हीकडे टिकल्या फक्त १८. चौतीस जाती केवळ पटणचेरूला तगल्या, तेवीस केवळ कानपूरला. एकाच शेतावरच्या प्रयोगावरून ‘उष्णता सहनशील’ असा शिक्का मारणं म्हणूनच मला धोक्याचं वाटतं.

लवकर पक्व होणारं वाण हे उष्णता सहनशील असतंच असं नाही. ते ऊन तापायच्या आत घाटे भरून मोकळं होतं, एवढंच. वेळेवर पेरणी होत असेल तर कोरडवाहू रानात तेही पुष्कळ झालं. पण पेरणीच लांबली तर उन्हापासून पळायला वेळ उरत नाही, तिथे ऊन सोसणारंच वाण हवं. मध्य प्रदेशासाठी २००९ मध्ये प्रसारित झालेलं जेजी १४ असंच, उशिरा पेरणीत टिकणारं. तेच वाण म्यानमारमध्ये आणि केनियातही वेगळ्या नावांनी पिकतं.

उशिरा पेरणाऱ्या शेतकऱ्याने नवं वाण सगळ्या रानात घेण्याआधी नेहमीच्या वाणाशेजारी चार ओळी त्याच दिवशी पेराव्यात, आणि काढणीच्या आधी प्रत्येकी दहा झाडांचे भरलेले घाटे मोजावेत. नुसता हिरवेपणा पाहून वाण निवडू नये.