आठ टक्के ओलावा, नऊ किलो घट

लातूरकडं सोयाबीनची रास झाली की पोती मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, जातात आणि तिथं पहिला प्रश्न निघतो तो ओलाव्याचा. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनसाठी ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. त्या दिवसांत मी आठवीच्या फळ्यावर हेच गणित मांडतो: एक क्विंटल सोयाबीन, ओलावा २० टक्के. वाळवून तो १२ टक्क्यांवर आणला. आता वजन किती भरेल?

“ब्याण्णव किलो, सर! आठ टक्के गेले ना.”

जवळजवळ सगळा वर्ग हेच सांगतो. मग आम्ही पोतं फळ्यावर उघडतो. १०० किलोत २० किलो पाणी आणि ८० किलो कोरडा दाणा. उन्हात पाणी उडतं, दाणा ८० किलोच राहतो. वाळल्यावर पाणी १२ टक्के, म्हणजे हा ८० किलो दाणा आता नव्या वजनाचे ८८ टक्के झाला. ८० ला ०.८८ ने भागा: ९०.९ किलो. घट नऊ किलोंहून जास्त! आधीचे २० टक्के १०० किलोंचे होते, नंतरचे १२ टक्के ९०.९ किलोंचे. दोन वेगळ्या वजनांचे टक्के सरळ एकमेकांतून वजा केले, तिथंच गणित फसलं.

जुनी माणसं टक्क्याला ‘शेकडा’ म्हणत. मला तो शब्द फार मोलाचा वाटतो, कारण शेकडा म्हटलं की पुढचा प्रश्न आपसूक येतो: कशाचा शेकडा?

दशांश चिन्हाचंही असंच आहे. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि एका हेक्टरचे १०० आर. १ हेक्टर ५ आर जमीन म्हणजे १.०५. पण वर्गात दरवर्षी कुणीतरी १.५ लिहितंच. ते झालं १ हेक्टर ५० आर. फरक ४५ आरचा आणि एक एकर तर साडेचाळीस आरच्या आतच बसतो. एक शून्य गळालं की एकराहून जास्त रान वाढतं. गुंठ्यांत गोष्ट आणखी वेगळी: एकराचे गुंठे ४०, म्हणून १ एकर २० गुंठे म्हणजे दीड एकर, १.५. ते कुणी १.२० लिहिलं तर अर्थ होतो १ एकर ८ गुंठे. दीड, अडीच, पाऊण मुलं घरी सहज बोलतात. वहीत तेच आकडे आले की बिचकतात. त्यांना आधी घरचाच शब्द उच्चारायला लावावा.

पावसाळ्यात बातमी येते, ‘जायकवाडी ४० टक्के’. हा शेकडा कशाचा? उपयुक्त साठ्याचा. जायकवाडीच्या जलाशयाची, म्हणजे पैठणच्या नाथसागराची, एकूण संकल्पित क्षमता २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला उपयुक्त साठा २,१७१. उरलेला ७३८ दलघमी मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारं पाणी, या टक्केवारीत धरतच नाहीत.

“म्हणजे शून्य टक्के असलं तरी धरणात पाणी असतं?” मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं. मी तिला ७३८ ला २,९०९ ने भागायला सांगितलं. तिनं ०.२५ पर्यंत भागाकार नेला, थांबली आणि म्हणाली, “सर, पाव धरण!”