टाकी गळतेय की पेट्रोल कॉक? जुन्या येझदीवाल्यांनी आधी हे बघा

गाडीखाली पेट्रोलचा थेंब दिसला की लोक थेट म्हणतात टाकी गेली, आणि मग एम-सील, डाख, वेल्डिंगची चर्चा सुरू. पण जुन्या जावा-येझदी मोटरसायकलींत बऱ्याचदा टाकी ठणठणीत असते, गळत असतो तो खालचा कॉक, म्हणजे पेट्रोल चालू-बंद करायची तोटी. गोंधळ होतो कारण दोन्हीचा थेंब एकाच जागी पडतो, टाकीला वर भोक असलं तरी पेट्रोल पत्र्यावरून ओघळत बऱ्याचदा शेवटी कॉकच्या टोकाशीच येतं.

आधी कॉक ऑफ करा. गळणं थांबलं तर विषय पाइपचा नाहीतर कार्बोरेटरच्या नीडलचा, टाकी काढूच नका. ऑफ करूनही थेंब चालू असेल तर मग टाकी की कॉक हे बघायचं. सगळं कोरडं पुसा, कॉकच्या जॉइंटच्या वर आणि खाली टाल्कम पावडर मारा, थोड्या वेळाने बघा. पावडर फक्त जॉइंटपासून खाली ओली झाली तर वॉशर गेलाय, वरच्या पत्र्यावर ओली रेघ आली तर टाकी. येझदीत पेट्रोलमध्येच टूटी (2T, टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल मिक्स असतं, त्यामुळे पेट्रोल उडालं तरी तेलकट माग राहतो, तो खालून वर धरत जा.

खरा वैताग मॉडिफाय केलेल्या टाकीचा. कॅफे रेसर (जुन्या रेसिंग गाडीसारख्या) लूकसाठी टाकी कापून जोडलेली असते, जोडावर लांबीचा (पुट्टीचा) जाड थर, वर पेंट. आत भोक पडलं की पेट्रोल पत्रा आणि लांबीच्या मधून सरकतं आणि भलत्याच ठिकाणी पेंट फुगवतं, म्हणजे फुगा आहे तिथे भोक असेलच असं नाही. अशा टाकीची लांबी खरवडून पत्रा उघडा केल्याशिवाय कुणीही खात्रीने सांगू शकत नाही, त्या खर्चाला नाही म्हणू नका.

मुंबईच्या हवेत टाकी आतून गंजतेच, त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढतं, पाणी तळाशी बसतं आणि पत्रा तिथूनच खातं. जुने रबरी वॉशरही त्याने फुगतात नाहीतर कडक होतात, म्हणजे एकाच कारणाने दोन्ही बिघडतात, म्हणून एक सापडलं की दुसरं पण तपासा.

कॉकचं काम सोपं आहे, ऑपेरा हाउसला नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधा, वॉशर इथेनॉल चालणारा, वायटॉन रबराचा मिळाला तर तोच घ्या, आणि नट उगाच आवळू नका, आटे गेले तर आणखी काम वाढतं. टाकीला मात्र बाहेरून एम-सील हा इलाज नाही, आतून गंज काढून ब्रेझिंग, म्हणजे पितळेचा डाख, करावं लागतं. आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, आत वाफ भरलेली असते, त्यामुळे धुऊन, पाणी भरून वाफ काढल्याशिवाय गॅसची ज्योत लावणाऱ्याकडे ती देऊच नका.

तोवर गाडी जिन्याखाली लावू नका. आपल्याकडे चाळीत, जुन्या बिल्डिंगीत मीटर बोर्ड तिथेच असतो, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचून राहते आणि एक ठिणगी पुरते. पेट्रोल बंद झाकणाच्या पेट्रोलच्या डब्यात काढून घ्या आणि गाडी मोकळ्या जागेत उभी करा.