शिशाविना हिरवा

विल्यम ग्रूबी यांनी १८९४ मध्ये बॉस्टनला मातीकामाचा कारखाना काढला आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात पदके पटकावली. त्यांचे नाव झाले ते फुलदाण्यांवरील गर्द हिरव्या, बिनचमकीच्या ग्लेझमुळे. त्या काळच्या अमेरिकन बंगल्यांची आणि त्यांत शोभणाऱ्या अशा फुलदाण्यांची आवड आता पुन्हा वाढली आहे. मूळ फुलदाण्या मात्र बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असल्याने त्यांच्या प्रतिकृती घडवल्या जातात. यातला आकार साधणे हे कसबी कुंभाराला फारसे अवघड नसते; खरी परीक्षा असते ती ग्लेझची.

ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळून बसलेला काचेचा थर. त्यात अॅल्युमिनाचे (अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचे) प्रमाण पुरेसे वाढवले आणि भट्टी सावकाश निवू दिली, तर थरात असंख्य सूक्ष्म स्फटिक तयार होतात, त्यांच्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि पृष्ठभाग मखमली दिसतो. हल्लीच्या छोट्या विद्युत भट्ट्या लवकर थंड होतात, त्यामुळे स्फटिकांना वाढायला वेळ मिळावा म्हणून तापमान मुद्दाम टप्प्याटप्प्याने उतरवावे लागते. असे ग्लेझ दाट असून सहसा ओघळत नाही. नक्षीतल्या पानाच्या उंचावलेल्या शिरेवर मात्र ते पातळ होते आणि तेवढीच रेघ फिकट उमटते. माझ्या मते भांड्याचे निम्मे सौंदर्य या रेघेतच असते.

त्या काळी ग्लेझ कमी तापमानाला वितळावे म्हणून त्यात सर्रास शिसे घालत. कामगारांना होणाऱ्या विषबाधेमुळे ते मागे पडले आणि त्याच्या जागी बोरॉन, सोडियम यांची संयुगे आली. पण ही अदलाबदल रंगाला मानवत नाही, कारण तांब्याचे ऑक्साइड शिशाच्या काचेत हिरवे दिसते, तर सोडियमचे प्रमाण जास्त असलेल्या काचेत निळसर. तांब्याऐवजी क्रोमियम वापरावे, तर त्याचे नखरे वेगळेच: ग्लेझमध्ये जस्त असेल तर रंग तपकिरीकडे झुकतो आणि भट्टीत शेजारी कथिलाचे पांढरे ग्लेझ असलेले भांडे असेल तर क्रोमियमच्या वाफेने त्याच्यावर गुलाबी झाक येते. शिवाय सोडियम वाढले की थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसते आणि त्यावर बारीक तड्यांचे जाळे पसरते.

जुन्या फुलदाणीवरूनच थेट साचा काढणारेही असतात. मात्र ओली माती वाळताना आणि भाजताना साधारण दहा टक्के आकसते, त्यामुळे अशी नक्कल मूळ फुलदाणीपेक्षा बुटकी निघते आणि तिच्यावरील नक्षीच्या कडा बोथट होतात. म्हणूनच जाणकार संग्राहक तळाचा शिक्का पाहतात, तसा उंची मोजायला टेपही काढतात.