वजन आणि वस्तुमानाचा घोळ नेमका कुठून आला

गुरुत्वाकर्षणाचा धडा आला की मुलं हमखास लिहितात, माझं वजन ४५ किलो, आणि मग मार्क जातात, कारण किलो हे वस्तुमानाचं (वस्तूत द्रव्य किती, याचं) एकक आणि वजन, म्हणजे पृथ्वीची त्या वस्तूवरची ओढ, न्यूटनमध्ये. मला यात मुलांचा दोष अजिबात दिसत नाही, कारण हा घोळ किलोच्या जन्मापासूनचा आहे.

जागा बदलली की वजन बदलतं याची कुणकुण तशी १६७२ लाच लागली होती, पॅरिसहून विषुववृत्ताजवळ नेलेलं लंबकाचं घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं, कारण तिथे ओढ कमी आणि ओढ कमी झाली की लंबक हळू झुलतो. तरी १७९५ च्या फ्रेंच कायद्यात ग्रॅमची व्याख्या काय केली, तर बर्फ वितळतं त्या तापमानाच्या एक घन सेंटीमीटर पाण्याचं ‘वजन’. म्हणजे एककाच्या व्याख्येतच वजन हा शब्द होता! पुढे १८८९ मध्ये प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा आला, उंची आणि व्यास दोन्ही ३९ मिलिमीटर, तोच जगाचा किलो.

खरा निर्णय झाला १९०१ साली. पॅरिसला वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं की किलो हे वस्तुमानाचं एकक, वजन म्हणजे बल, आणि गुरुत्वाचं प्रमाण त्वरण ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग. कागदावर प्रश्न मिटला, पण इंजिनिअर लोकांनी किलोग्रॅम-फोर्स (एक किलो वस्तुमानावरची पृथ्वीची ओढ, हेच बलाचं एकक) सोडलाच नाही, दाबाच्या गेजवर आजही किलो प्रति चौरस सेंटीमीटर दिसतं, आणि बलाच्या एककाला न्यूटन हे नाव परिषदेने मान्य करायला १९४८ उजाडलं. माझ्या मते १९०१ लाच बलाला वेगळं नाव दिलं असतं तर निम्मा गोंधळ तिथेच संपला असता.

आपल्याकडे १९५६ चा कायदा आला, त्याच्या नावातच ‘वजनं आणि मापं’, आणि १९५८ पासून ८० तोळ्यांच्या शेराच्या जागी (साधारण ९३३ ग्रॅम) किलो यायला लागला. दुकानातला किलो वजनाचाच राहिला, वस्तुमान हा शब्द फक्त पुस्तकात.

खरं तर फरक बाजारातच दाखवता येतो. भाजीवाल्याची तागडी एका पारड्यात माप आणि दुसऱ्यात वांगी ठेवते, म्हणजे ती वस्तुमानाची तुलना करते, चंद्रावर नेली तरी एक किलोच्या मापाला तितकीच वांगी लागतील, पण रद्दीवाल्याचा स्प्रिंगचा काटा ओढ मोजतो, तो तिथे सहाव्या हिश्श्यावर येईल. मुलांना हे दोन काटे आधी हातात द्यावेत, व्याख्या नंतर.

२० मे २०१९ पासून तो ठोकळाही गेला, कारण त्याच्यात आणि त्याच्या प्रतींमध्ये शंभर वर्षांत साधारण ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला होता. आता किलो प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका कधीच न बदलणाऱ्या संख्येवरून ठरतो. पण त्यासाठी जो तराजू वापरतात तो वस्तूचं वजन विजेच्या प्रवाहाने तोलतो, त्यामुळे त्या खोलीतलं गुरुत्वत्वरण आधी फार काटेकोर मोजून घ्यावं लागतं.