जुनं बाहुलीघर जोडताना ॲसिटोन काय करतं?

तुटलं की फेव्हिक्विक, हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय. ओएलएक्सवरून किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून स्वस्तात घेतलेलं बार्बीचं ड्रीमहाउस घरी येतं, तेव्हा गॅलरीच्या कठड्यावर, दाराच्या बिजागरीवर, जिन्याच्या पायरीवर आधीच्यांनी ओतलेल्या फेव्हिक्विकचे पांढरट थर बरेचदा सापडतात. तरीही तो भाग हात लावताच निखळतो. यात फेव्हिक्विकचा दोष नसतो. लावणाऱ्याने समोरचं प्लॅस्टिक कोणतं, हे पाहिलेलं नसतं. १९६२ साली निघालेलं पहिलं ड्रीमहाउस पुठ्ठ्याचं होतं, ते साध्या खळीनेही चिकटलं असतं. आताची घरं प्लॅस्टिकची, आणि एकाच घरात तीन-चार जातींची प्लॅस्टिकं असू शकतात.

जात ओळखायला स्वयंपाकघर पुरतं. तुटका तुकडा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा (साबण अशासाठी की तुकड्याला बुडबुडे चिकटून बसू नयेत). वर आला तर ते पॉलिप्रॉपिलीन, घनता ०.९ (पाण्याची १), किंवा पॉलिथिलीन, ०.९२ ते ०.९६. तळाशी गेला तर १०० मिली पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. या पाण्याची घनता १.२ च्या आसपास जाते. त्यात एबीएस (रबराचे बारीक कण मिसळलेलं कडक प्लॅस्टिक) आणि पॉलिस्टायरीन (दोन्ही सुमारे १.०५) तरंगतात, कडक पीव्हीसी (१.३५ ते १.४) बुडतं. खात्री करायची तर आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला ॲसिटोनचा (नेलपॉलिश काढायला वापरतात तो, लवकर उडणारा द्रव) कापूसबोळा दहा सेकंद टेकवा. एबीएस आणि पॉलिस्टायरीन चिकट होतात, पॉलिप्रॉपिलीन ढिम्म हलत नाही.

हा ढिम्मपणाच फेव्हिक्विकला नडतो. द्रव पृष्ठभागावर पसरायचा तर पृष्ठभागाने त्याला पुरेसं ओढून घ्यायला हवं. ही ओढ पृष्ठऊर्जेने मोजतात: एबीएसची साधारण ४० मिलिन्यूटन प्रति मीटर, पॉलिप्रॉपिलीनची ३० च्या आसपास. प्लॅस्टिकचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात, आणि पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत नुसतेच कार्बन आणि हायड्रोजन. विद्युतभार थोडासा एका बाजूला झुकलेला असा एकही गट नाही, त्यामुळे गोंदाला धरायला जागाच नाही. फेव्हिक्विक तिथे वाळतं, पण त्याचा वेगळा पापुद्रा होतो आणि नखाने निघतो. प्रायमर-पेनासोबत (गोंदाआधी पृष्ठभागावर फिरवायचं पेन) मिळणारा, फेव्हिक्विकच्याच जातीचा खास सायनोॲक्रिलेट गोंद बऱ्यापैकी धरतो. पण ज्या भागावर रोज ओढाताण होते, तिथे १ मिमीच्या ड्रिलने दोन्ही बाजूंना भोकं पाडून तांब्याच्या बारीक तारेने तो शिवून टाकावा. दुमडून दुमडून तुटलेली पातळ बिजागरी तर कोणत्याही गोंदाने जुळत नाही. तिथे आतून कापडी टेप.

एबीएसचा मामला वेगळा. एबीएस १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं. त्याखाली त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींत गुंतून जागच्या जागी गोठलेल्या असतात. ॲसिटोनचे रेणू छोटे, ते या साखळ्यांच्या मधे शिरतात, त्यांना एकमेकींपासून सुटं करतात आणि मऊ पडण्याचं तापमान खोलीच्या तापमानाच्याही खाली आणतात. म्हणजे ३० अंशांना, हाताला गार लागणारा तो पृष्ठभाग वितळलेल्या प्लॅस्टिकसारखा वागतो. असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले की एका बाजूच्या साखळ्या दुसऱ्या बाजूत शिरतात.

शिरतात कशा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. साखळीला आडवं सरकता येत नाही, कारण चारी बाजूंनी दुसऱ्या साखळ्यांनी तिला कोंडलेलं असतं. तिला एकच वाट मोकळी: स्वतःच्याच लांबीच्या दिशेने, टोक पुढे घालून, सापासारखं सरपटणं. पिएर-जिल द जेन या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १९७१ साली हे चित्र गणितात मांडलं. १९९१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. या गणितानुसार आपल्या कोंडीतून पूर्ण सुटायला साखळीला लागणारा वेळ तिच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट तर वेळ आठपट. प्रयोगांत घातांक ३.४ च्या जवळ येतो, म्हणजे दहापटीहून थोडा जास्तच. आणि सांध्याची ताकद वेळेच्या चौथ्या मुळाने वाढते. ताकद दुप्पट हवी तर वेळ सोळापट. हा नियम उष्णतेने मऊ केलेल्या पृष्ठभागांचा. ॲसिटोन सतत उडत असल्यामुळे इथे आकडे काटेकोर लागू होणार नाहीत, पण मथितार्थ तोच राहतो: पहिल्या एक-दोन मिनिटांतला दाब सर्वात मोलाचा. पुढे आतलं ॲसिटोन हळूहळू बाहेर पडतं, साखळ्या आहेत तिथे पुन्हा गोठतात, आणि सांध्यात गोंद नावाची चीजच उरत नाही, नुसतं एबीएस उरतं.

कृती अशी. जुनं फेव्हिक्विक आधी ब्लेडने खरवडा. ॲसिटोनने तेही मऊ होतं, पण त्याच्याबरोबर खालचं एबीएसही चिघळतं. भांड्यांच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळू द्या. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, म्हणजे फार लवकर उडतं, तेव्हा दोन्ही कडांवर कुंचल्याने लावून पाच सेकंदांत जोडायचं. दोन मिनिटं हाताने दाबा, मग रबरबँड किंवा मास्किंग टेप लावून २४ तास हात लावू नका.

कपचा उडाला असेल तर भरण घरीच बनतं. तळाखालची न दिसणारी एखादी पट्टी कापून त्याच रंगाचे ५ ग्रॅम बारीक तुकडे करा, काचेच्या बाटलीत १५ मिली ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी पिठल्याइतकं दाट, गढूळ मिश्रण होतं. गढूळ, कारण एबीएसमधले रबराचे कण विरघळत नाहीत, तरंगत राहतात. या मिश्रणाचा पाऊण भाग उडून जाणार असतो. एकदम जाड थर दिला तर वर साय धरते, आत बुडबुडे अडकतात आणि दोन दिवसांनी खड्डा पडतो. अर्ध्या मिलिमीटरचे थर, दोन थरांत सहा तास.

पारदर्शक खिडक्यांजवळ मात्र ॲसिटोन नेऊ नये. त्या बहुधा पॉलिस्टायरीनच्या असतात. साच्यातून निघताना राहिलेला ताण त्यांच्यात असतो आणि ॲसिटोन लागताच बारीक भेगांचं जाळं उमटतं. त्यांना पांढरा फेव्हिकॉल बरा. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बरेचदा तेलकट घटक असतात किंवा ॲसिटोनच नसतं. शुद्ध ॲसिटोन आणा. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते आणि पेट घेते. खिडकी उघडी, गॅस बंद, देवघरातला दिवा आणि उदबत्तीसुद्धा विझलेली, मुलं दुसऱ्या खोलीत.

पिवळेपणावर समाजमाध्यमांत बेकिंग सोडा आणि व्हिनेगरची धूम आहे. फेस झकास येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं सोडियम ॲसिटेटचं खारट पाणी. उपयोगी पडतं ते हायड्रोजन पेरॉक्साइड: पार्लरच्या सामानात मिळणारं ४० व्हॉल्यूमचं, म्हणजे १२ टक्क्यांचं क्रीम. हातमोजे घालून सारखं फासा, वर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म गुंडाळा, चार ते सहा तास उन्हात ठेवा. क्रीम मधेच वाळलं तर चट्टे पडतात. एबीएसमधला ब्युटाडाइन भाग ऑक्सिजनने आधीच मोडलेला असतो, तो यानं सांधला जात नाही. रंग उजळतो, ठिसूळपणा राहतो, आणि काही काळाने पिवळेपणा परतही येतो.

सजावटीत पैसे घालायचे तर रंगापेक्षा दिव्यांवर. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३.१ व्होल्ट लागतात. तीन एए सेल (४.५ व्होल्ट) आणि प्रत्येक एलईडीला स्वतंत्र १०० ओहमचा रोधक लावला की १४ मिलिॲम्पिअर वाहतात, तेवढा उजेड एका खोलीला भरपूर. एकाच रोधकावर तीन एलईडी समांतर जोडले तर उजेड सारखा पडत नाही. बटणाच्या आकाराचे सेल वापरू नका: मुलाने गिळले तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर भाजतं. सेलची पेटी स्क्रूने बंद होणारीच घ्या.

जुन्या मऊ विनाइलच्या बाहुल्या चिकट लागतात ते मळामुळेच नाही. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेलं तेलकट द्रव्य बाहेर झिरपत असतं. तेच द्रव्य एबीएस आणि पॉलिस्टायरीनलाही मऊ करतं, म्हणून बाहुली वर्षभर एकाच जागी उभी राहिली तर बाहुलीघराच्या जमिनीवर पावलांचे खळगे पडू शकतात. बाहुल्या साबणाच्या पाण्याने धुऊन सुती कापडात गुंडाळून वेगळ्या डब्यात ठेवा. डबा पॉलिप्रॉपिलीनचा चालेल.